ढोलकीच्या शाईतलं विज्ञान

२८ फेब्रुवारीला विज्ञान दिन साजरा होतो. सी. व्ही. रामन यांच्या फोटोला हार, पाहुण्यांचा सत्कार, ‘विज्ञान : शाप की वरदान’वर पाठ केलेली भाषणं. पोरं चुळबुळायला लागली की मध्येच एखादं गाणं. त्या गाण्याला जो तबला साथ करतो, त्याच्यावर याच रामन यांनी संशोधन केलं होतं, हे मात्र त्या दिवशी सहसा कुणी सांगत नाही.

विज्ञान, विनोद आणि संगीत यांची एकत्र संध्याकाळ खानदेशातल्या वरणगावात करायची ठरली, तर सुरुवात इथूनच करावी. तार छेडली की मूळ सुराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे सूर निघतात आणि कानाला ते एकजीव लागतात. ताणलेल्या कातड्याचं तसं नाही. त्याचे वरचे सूर मूळ सुराच्या १.५९ पट, २.१४ पट, २.३० पट असे आडनिडे पडतात. म्हणून हलगी कडाडते, अंगावर काटा आणते, पण गाणारा तिच्यावर सूर लावू शकत नाही. ढोलकीवर लावता येतो, कारण तिच्या उजव्या पुडीवर मधोमध शाईचा काळा थर असतो. त्या वजनामुळे कातड्याची कंपनं बदलतात आणि विस्कटलेले सूर जवळपास पूर्ण पटींत येऊन बसतात. रामन यांनी १९२० साली ‘नेचर’मध्ये आपल्या तालवाद्यांबद्दल हे मांडलं. शाई भरणाऱ्या कारागिरांच्या हाताला ते फार पूर्वीपासून ठाऊक होतं.

हे फळ्यावर सांगितलं तर तास होतो. हलगी आणि ढोलकी शेजारी ठेवून वाजवून दाखवलं, तर कान आपोआप प्रश्न विचारतो. खानदेशात वही गायनाचे आणि तमाशाचे फड पाहिलेला श्रोता आहे, त्याला वाद्यांची ओळख करून द्यावी लागत नाही. हलगी वाजवण्याआधी शेकोटीवर का धरतात, हे त्यालाच विचारा. ओल धरलेलं कातडं सैल पडतं, शेकल्यावर ओल उडून ते ताणलं जातं. अर्धं व्याख्यान इथेच झालं.

अशा कार्यक्रमांत बहुतेकांची चूक एकच होते. भाषण कडू, म्हणून मध्ये गाणं गोड. गाणाऱ्याला वाटतं आपण भरणा आहोत, वक्त्याला वाटतं आपला वेळ गेला. तमाशातली बतावणी अशी नसते. तिथे सोंगाड्या शंका काढतो आणि ती शंका प्रेक्षकाच्याच मनातली असते. गाडगेबाबांचं कीर्तनही याच जातीचं. ते लोकांना प्रश्न विचारत, लोक उत्तर देत, आणि त्या उत्तरातच लोकांची फजिती होई. लोक हसत, पण स्वतःला.

अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या चमत्कार सादरीकरणात हीच युक्ती आहे. कार्यकर्ता बुवाचं सोंग घेतो, मंत्र पुटपुटतो आणि ‘यज्ञ’ आपोआप पेटतो. आत पोटॅशियम परमँगनेटची पूड असते, तिच्यावर तूप म्हणून ग्लिसरीन सोडलेलं असतं. दोन्ही भेटल्याबरोबर भडका उडत नाही, आधी काही काळ आतल्या आत उष्णता साचते. मंत्राची लांबी या थांबण्यावर ठरते. थंडीत बुवाला मंत्र ताणावा लागतो, आणि वरणगावच्या वैशाखात तो अर्ध्यावरच सिद्ध होण्याची भीती. रासायनिक क्रियेचा वेग तापमानाबरोबर वाढतो, हे वाक्य या विनोदानंतर वेगळं शिकवावं लागत नाही. (जाणकार माणसाशिवाय हा प्रयोग कुणी करू नये.)

लंडनमध्ये रॉबिन इन्स या विनोदी कलाकाराने २००८ च्या नाताळात शास्त्रज्ञ, विनोदवीर आणि गायक यांना एका मंचावर आणलं, त्याचं तिकडे कौतुक झालं. आपल्याकडे केरळ शास्त्र साहित्य परिषदेचे कलाजथे त्याच्या कितीतरी आधी गाणी आणि पथनाट्यं घेऊन गावोगाव फिरत होते. १९८७ साली तोच नमुना भारत जन विज्ञान जथ्याने देशभर नेला. २ ऑक्टोबरला पाच दिशांनी निघालेले जथे ७ नोव्हेंबरला भोपाळला पोचले. ७ नोव्हेंबर हा रामन आणि मेरी क्युरी या दोघांचाही जन्मदिवस.

वरणगावचा स्वतःचा विषय तर वेशीवरच आहे. इथला आयुध कारखाना १९६४ पासून बंदुकीची काडतुसं बनवतो. ५.५६ मिलिमीटरची गोळी सेकंदाला सुमारे नऊशे मीटर जाते. आवाज १५ अंशांच्या थंडीत ३४० मीटर जातो, ४० अंशांना साधारण ३५५. म्हणजे उन्हाळ्यात आवाज जरा जोरात पळतो, तरी गोळीच्या मागेच राहतो. बार ऐकू येण्याआधी गोळी पोचलेली असते, हे वाक्य कारखान्यातून निवृत्त झालेल्या एखाद्या काकांच्या तोंडी द्या आणि पुढे दोन क्षण कुणालाही बोलू देऊ नका. सभागृहच हिशेब करील.

कार्यक्रम हिवाळ्यात ठेवावा. मे महिन्यात रात्री नऊलाही भिंती तापलेल्या असतात, आणि हिवाळ्यात नंतर वांग्याच्या भरिताची पंगत बसवता येते, गर्दी आपोआप टिकते. वक्ते दोनच असावेत. ढोलकीवाल्याला ऐन वेळी बोलावू नका. वक्त्याने त्याच्याबरोबर आधी एक संध्याकाळ बसावं आणि जमलं तर पुडीला शाई भरणाऱ्या कारागिरालाही बोलवावं. शाईचे थर एकावर एक चढवून दगडाने घासताना तिला बारीक तडे का जाऊ देतात, हे तो हातात पुडी घेऊन दाखवील. तडे नसते तर शाई कातड्याबरोबर वाकली नसती, एवढं सांगायचं काम वक्त्याकडे उरतं.