जिराईत रानातला आस्कंद

बारामती आणि इंदापूर म्हटलं की निरेच्या डाव्या कालव्यावरचा ऊस आठवतो. पण याच भागात सुपे-मोरगावच्या बाजूला वर्षाला जेमतेम पाचशे मिलिमीटर पावसावर जगणारा जिराईत माळही आहे. अशा कोरड्या मुलखात बांधाच्या कडेला आणि गावठाणाबाहेरच्या पडीक जागेत एक राखट हिरवं, लव असलेलं झुडूप उगवतं. त्याची लालभडक फळं आकाशकंदिलासारख्या पातळ वेष्टनात झाकलेली असतात. हा आस्कंद. कुणी त्याला ढोरगुंज म्हणतं. औषधाच्या डबीवर मात्र तो ‘अश्वगंधा’ होतो आणि जाहिरातीत ‘भारतीय जिनसेंग’.

हे शेवटचं नाव मला खटकतं, कारण या दोन वनस्पतींचं नातंच नाही. आस्कंद वांगं-टोमॅटोच्या कुळातला, उन्हात वाढणारा आणि सहा महिन्यांत काढणीला येणारा. जिनसेंग मंचुरिया-कोरियाच्या थंड जंगलातलं, सावलीत वाढणारं. चांगलं मूळ हवं तर सहा वर्षं थांबावं लागतं. चीनच्या ‘शेननोंग बेनचाओ जिंग’ या प्राचीन औषधिग्रंथात ते सर्वोत्तम गटात आहे. मोठा रक्तस्राव होऊन प्राणशक्ती, म्हणजे त्यांच्या भाषेत ‘ची’, कोसळत असेल तर तिथले वैद्य एकट्या जिनसेंगचा काढा, ‘दूशेन तांग’, देत. अन्न अंगी लागत नसेल तर ‘सी जून झी तांग’ या चार औषधींच्या काढ्यात ते मुख्य असे.

या मुळातली मुख्य द्रव्यं म्हणजे जिन्सेनोसाइड्स: ट्रायटर्पीनचा सांगाडा आणि त्याला जोडलेले साखरेचे रेणू. टोकियोच्या शोजी शिबाता यांनी 1960 च्या दशकात त्यांच्या रचनेची उकल केली. मूळ वाफवून वाळवलं की ते लालसर होतं. त्या उष्णतेत साखरेचे काही रेणू गळतात आणि कच्च्या मुळात नगण्य असलेलं आरजी-3 हे जिन्सेनोसाइड तयार होतं. पोटात गेल्यावर आतड्यातले जिवाणू उरलेली साखरही तोडतात. म्हणजे परंपरेतली वाफवण्याची कृती ही रसायनक्रियाच होती.

आस्कंदात जिन्सेनोसाइड्स नाहीत. त्यात आहेत विथॅनोलाइड्स, 28 कार्बन अणूंचे स्टेरॉइड लॅक्टोन. त्यांतल्या विथाफेरिन-ए या द्रव्याची रचना 1965 मध्ये इस्राएलच्या डेव्हिड लावी यांच्या गटाने मांडली. प्रयोगशाळेत ते कर्करोगाच्या पेशी मारतं, पण निरोगी पेशींनाही ते सौम्य नाही. शिवाय ते मुळापेक्षा पानांत जास्त असतं. आयुष मंत्रालयाने ऑक्टोबर 2021 मध्ये उत्पादकांना पानं न वापरण्याची सूचना दिली. चरकाने बल्य (बळ देणाऱ्या) आणि बृंहणीय (शरीर पुष्ट करणाऱ्या) अशा दोन्ही गणांत अश्वगंधा घेतली, आणि वैद्य आजही औषध म्हणून तिचं मूळच देतात, सहसा चूर्ण करून दुधाबरोबर. पाल्याची भेसळ ही म्हणून नुसती ग्राहकाची फसवणूक नाही. तिने औषधाचं रसायनच बदलतं.

ताण आणि झोपेसाठी अश्वगंधेचा थोडाफार उपयोग होतो असं काही छोट्या चाचण्यांत दिसलं आहे, पण त्यांचा कालावधी काही आठवड्यांचाच आहे. दुसरीकडे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, थायरॉइडची पातळी वाढू शकते, आणि गरोदरपणात ती टाळायलाच हवी. डेन्मार्कने 2023 मध्ये तिच्यावर बंदी घातली. मला ती बंदी टोकाची वाटते, पण ‘आयुर्वेदिक आहे, काही होत नाही’ हे वाक्य त्याहून घातक वाटतं.

शेतीत आस्कंदाचं मोठं क्षेत्र मध्य प्रदेशातल्या नीमच-मंदसौरकडे आहे. तिथलं ‘जवाहर असगंध-20’ हे वाण आणि लखनौच्या सीमॅप संस्थेचं ‘पोशिता’ ही नावं शेतकऱ्यांना ठाऊक असतात. पीक हलक्या, निचऱ्याच्या जमिनीत येतं. पाणी साचलं की मूळ कुजतं, त्यामुळे कालव्याखालची चिबड काळी जमीन त्याच्या कामाची नाही. पावसाळ्याच्या उत्तरार्धात पेरलं की थंडी सरताना पानं वाळतात, फळं लाल होतात, मग झाड मुळासकट उपटायचं. हेक्टरी तीन ते पाच क्विंटल वाळलेली मुळं मिळतात. लांब, जाड, आतून पांढरी आणि मोडताना कट्कन तुटणारी मुळं वरच्या प्रतीची.

बारामतीजवळ माळेगाव खुर्दला 2009 पासून राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था आहे. दुष्काळ, क्षार, उष्णता हेच तिचे विषय. विथॅनोलाइड्ससारखी द्रव्यं बनवण्याचं प्रमाण पाण्याच्या ताणाने बदलतं. म्हणून सुप्याच्या मुरमाड रानातलं आणि पाणी दिलेल्या शेतातलं मूळ शेजारी ठेवून तपासायला याहून योग्य मुलूख नाही. जिराईत शेतकऱ्याला बियाणं देतानाच त्या तपासणीचा आकडाही हातात द्यायला हवा. भाव वजनावर नव्हे, मुळातल्या द्रव्यावर मागता येईल.