पाकिटातला संगणक

कागदपत्रे ठेवायचे एक साधे पिवळट पाकीट. १५ जानेवारी २००८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोमध्ये मंचावर उभ्या असलेल्या स्टीव्ह जॉब्ज यांनी ते उघडले आणि आतून चक्क संगणक बाहेर काढला, मॅकबुक एअर. त्याची जाडी दोन सेंटिमीटरपेक्षाही कमी होती. हा आकडा आज किती जणांना आठवत असेल? पाकीट मात्र लक्षात राहिले.

ॲपल कंपनीच्या या प्रमुखाची खरी हातोटी, मला वाटते, हीच होती. आकडा सांगायचाच, पण तो हाताच्या, खिशाच्या मापात बसवून. ऑक्टोबर २००१ मध्ये आयपॉड आला. त्यात ५ गिगाबाइटची हार्ड डिस्क होती. गिगाबाइट म्हणजे काय, हे तेव्हा सामान्य माणसाला कुठे ठाऊक होते? जॉब्ज यांनी सांगितले, खिशात हजार गाणी. संपले!

९ जानेवारी २००७चे आयफोनचे सादरीकरण मी अनेकदा पाहिले आहे. आज तीन नवी उपकरणे आणतो आहोत, असे ते सुरुवातीला म्हणतात: आयपॉड, फोन आणि इंटरनेटचे साधन. मग हेच पालुपद पुन्हा पुन्हा घोळवतात. ही तीन नसून एकच वस्तू आहे, हे सभागृहाला हळूहळू उमगते आणि टाळ्यांचा कडकडाट होतो.

गंमत म्हणजे तो फोन तेव्हा पुरता तयारच नव्हता. मध्येच बंद पडे. कोणत्या क्रमाने काय दाखवले तर तो अडणार नाही, हे अभियंत्यांनी शोधून ठेवले होते, आणि जॉब्ज त्याच वाटेने चालले. एकाची स्मृती भरली तर दुसरा घ्यावा म्हणून मंचावर अनेक फोन ठेवले होते. सिग्नलच्या पाचही रेघा सतत दिसाव्यात, अशीही सोय होती. हे सारे अभियंत्यांनीच पुढे सांगितले.

ही फसवणूक म्हणायची का? रेघांच्या बाबतीत मी तरी 'हो' म्हणेन. बाकीचा तो वायदा होता, आणि तो पाळायचे ओझे पडद्यामागच्या माणसांवर होते. २९ जूनला फोन दुकानात आला. मधले जेमतेम सहा महिने त्यांनी कसे काढले असतील!

तालमी कितीही केल्या तरी एखादा दिवस फसतोच. जून २०१० मध्ये आयफोन ४ दाखवताना सभागृहातले वाय-फाय तुंबले, पान उघडेना. तेव्हा जॉब्ज यांनी प्रेक्षकांनाच सांगितले, तुमचे वाय-फाय बंद करा, लॅपटॉप खाली जमिनीवर ठेवा.