वेग वाढला, पण आपण?

जुन्या स्पोर्ट्स कार भारी की नव्या? आमच्या घरात भाचा आणि त्याचे मित्र जमले, की या विषयावर तासभर भांडण ठरलेलं. मी आर्ट्सची पदवीधर, हॉर्सपॉवरशी माझा काय संबंध! पण ‘मावशी, ऐक तर’ म्हणत त्याने पोर्श ९११ ची कुंडली मांडली आणि मी ऐकतच राहिले.

मैत्रिणींनो, तुलनेसाठी ही गाडी अगदी योग्य. साठ वर्षं झाली, नाव तेच, घाट तोच आणि इंजिन आजही मागेच. १९६३ च्या फ्रँकफर्ट प्रदर्शनात ती ९०१ नावाने आली. पण मध्ये शून्य असलेल्या आकड्यांवर फ्रान्समध्ये प्यूजो कंपनीचा हक्क होता, म्हणून ती ९११ झाली.

१९६४ ची ९११ होती १३० हॉर्सपॉवरची. शून्यापासून ताशी १०० किलोमीटरचा वेग गाठायला तिला ९.१ सेकंद लागत. १९७५ च्या ९११ टर्बोला त्यासाठी साडेपाच सेकंद पुरत. आणि २०२० ची टर्बो एस? ६५० हॉर्सपॉवर, अवघे २.७ सेकंद! गंमत बघा, ताकद पाचपट झाली, पण कमाल वेग ताशी २१० वरून ३३० वरच गेला. कारण वेग वाढतो तसा हवेचा विरोध झपाट्याने वाढतो. दुप्पट वेग हवा, तर त्या विरोधाशी झुंजायला आठपट ताकद लागते.

मला मात्र आकड्यांपेक्षा एक टोपणनाव जास्त बोचलं. १९७५ च्या त्या टर्बोला लोक ‘विडोमेकर’ म्हणायचे. म्हणजे बायकांना विधवा करणारी! पाय दाबला तरी आधी फारसं काही होत नसे, मग टर्बो जागा होई आणि सगळी ताकद एकदम अंगावर येई. ते नेमकं वळणावर घडलं आणि चालकाने घाबरून पाय उचलला, की मागच्या इंजिनाच्या वजनाने गाडीचं शेपूट गर्रकन फिरे.

पुढे १९८९ च्या सुमारास एबीएस ब्रेक आले, नंतर घसरती गाडी सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आली. आजची गाडी चालकाच्या कितीतरी चुका गुपचूप पोटात घालते, अगदी आईसारखी! म्हणूनच कामगिरीत नवी गाडी जिंकते, हे मलाही मान्य.

पण गाडी बदलली, माणूस बदलला का? समोर काही दिसल्यापासून ब्रेकवर पाय जायला १९६४ मध्ये साधारण सेकंदभर लागायचा, आजही तेवढाच लागतो. ताशी १०० च्या वेगात त्या एका सेकंदात गाडी २८ मीटर पुढे गेलेली असते. शिवाय वेग दुप्पट झाला, की ब्रेक दाबल्यानंतर थांबायला चौपट अंतर लागतं. हे गणित कुठल्याच कंपनीला बदलता आलेलं नाही.

आणि हा फक्त श्रीमंतांचा प्रश्न नाही, बरं का. महिंद्राची विजेवर चालणारी बीई ६ सात सेकंदांच्या आत शंभरचा वेग गाठते, असा कंपनीचा दावा आहे. म्हणजे १९६४ च्या पोर्शपेक्षा चपळ गाडी आता आपल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी राहू शकते, आणि तिची किल्ली फ्रिजवरच्या टोपलीत!

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला भरधाव पोर्श टायकानने दुचाकीला धडक दिली. दोन तरुण इंजिनीअर गेले. गाडी सतरा वर्षांचा मुलगा चालवत होता, असं पोलिसांनी सांगितलं. २०१९ मध्ये सुधारलेल्या मोटार वाहन कायद्यानुसार, अल्पवयीन मुलाने वाहन चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजारांचा दंड होऊ शकतो.

मुलांना गाड्यांचं वेड असू द्या, त्यात वाईट काहीच नाही. फक्त ‘किती सेकंदांत शंभर?’ असं ती कौतुकाने सांगायला लागली, की आपणही विचारायचं, ‘आणि थांबते किती मीटरमध्ये, रे?’ आणि लायसन्स हातात पडेपर्यंत किल्ली मात्र आपल्याच ताब्यात ठेवायची.