नोकरीचे घर, चावी आणि हिशेब

तारापूर औद्योगिक वसाहतीत आपल्या समाजातील अनेक कुटुंबांचे कारखाने, गोदामे आणि पेढ्या आहेत. कच्च्या मालाचा भाव, बँकेचे व्याज, प्रदूषण मंडळाची परवानगी यांची चर्चा घरोघरी होते. मुनीम, केमिस्ट, बॉयलर अटेंडंट किंवा रखवालदार यांना राहावयास दिलेल्या खोल्यांविषयी मात्र सहसा कोणी बोलत नाही. त्या खोलीचा विषय निघतो तो नोकरी संपल्यावर, आणि तोवर तो दोन्ही बाजूंना कडू झालेला असतो.

ही पद्धत पडली ती गरजेतून. तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झाले, तेव्हा बोईसर हे लहान गाव होते. बाहेरून आलेल्या तंत्रज्ञांसाठी केंद्राला स्वतःची वसाहत बांधावी लागली. पुढे औद्योगिक वसाहत वाढली आणि लहान कारखानदारांपुढेही तोच प्रश्न उभा राहिला. रसायनांचा कारखाना तीन पाळ्यांत चालतो. मध्यरात्री रिॲक्टरचे तापमान चढले, तर जाणता माणूस दहा मिनिटांत हजर असावा लागतो. म्हणून कोणी सरावलीत, कोणी पास्थळला, कोणी खैरेपाड्यात सदनिका घेतल्या आणि त्या कामावरच्या माणसांना दिल्या. आपल्या समाजाला हे नवे नव्हतेच. सोलापूरचे शेठ वालचंद हिराचंद यांनी इंदापूर तालुक्यात साखर कारखान्याभोवती वालचंदनगर वसविले, तेही कामगारांच्या निवासासह.

या व्यवहारातील एक गोष्ट वहीत कधी लिहिली जात नाही. घर मिळाले म्हणून पगार थोडा कमी ठरतो. घर आहे म्हणून तो माणूस स्वतःची जागा घेण्याची घाई करीत नाही. अठरा वर्षांनी कारखाना विकला गेला किंवा मालकाच्या मुलाने नवा माणूस नेमला, की त्याच्या हाती नोकरीही राहत नाही आणि छप्परही. तोवर बोईसरच्या जागांचे भाव त्याच्या आवाक्याबाहेर गेलेले असतात. नोटीस नोव्हेंबरात आली तर मुलीचे दहावीचे वर्ष अर्ध्यावर असते. मालकाच्या दृष्टीने ती एक खोली असते, तर त्या घरातील गृहिणीच्या दृष्टीने तो तिचा संपूर्ण संसार असतो.

कायदा काय म्हणतो, हे आधी स्पष्ट असावे. नोकरीमुळे मिळालेले घर नोकरीबरोबर संपते, हे तत्त्व न्यायालयांनी पुनःपुन्हा मान्य केले आहे. कंपनीची मालमत्ता अडवून ठेवणाऱ्याविरुद्ध कंपनी कायद्यात फौजदारी तरतूद आहे. पूर्वी ती ६३० व्या कलमात होती, २०१३ च्या कायद्यात ती ४५२ व्या कलमात आली. शिपिंग कॉर्पोरेशनच्या खटल्यात १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, ही तरतूद नोकरी सोडून गेलेल्यांनाही लागू होते. कॉक्स अँड किंग्जच्या खटल्यात १९९५ साली न्यायालय आणखी पुढे गेले आणि मृत कर्मचाऱ्याच्या वारसांनाही घर परत करण्यास बांधील ठरविले. येथे आपल्या वाचकांनी एक भेद ध्यानात ठेवावा. हे कलम कंपन्यांसाठी आहे. भागीदारी पेढीला किंवा एकट्याच्या मालकीच्या दुकानाला ते उपयोगी पडत नाही. अशा पेढीने महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या २२ व्या कलमाप्रमाणे नोकरीपुरत्या भाडेदारीचा लेखी करार केलेला असेल, तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. करारच नसेल, तर दिवाणी दाव्याची लांब वाट उरते. आपल्याकडे विश्वासावर चालण्याची रीत आहे, ती सुंदर आहे. पण खोलीच्या बाबतीत एक पानाचा कागद दोघांनाही वाचवितो.

याच ४५२ व्या कलमात २०२० च्या दुरुस्तीने एक महत्त्वाची भर पडली. कर्मचाऱ्याचा भविष्य निर्वाह निधी, निवृत्तिवेतन किंवा ग्रॅच्युइटीची रक्कम कंपनीने थकविली असेल, तर घर न सोडल्याबद्दल त्याला तुरुंगवासाची शिक्षा देता येत नाही. चावी आणि हिशेब यांची सांगड संसदेनेच घालून दिली, असे म्हणण्यास हरकत नाही.

प्रत्यक्षात मालकाला मोह होतो तो उलट दिशेने. ‘आधी खोली रिकामी कर, मग हिशेब’ असे सांगितले जाते. आकडे मांडून पाहू. समजा, ग्रॅच्युइटीसाठी धरले जाणारे मासिक वेतन २६,००० रुपये आणि सेवा अठरा वर्षांची आहे. सव्वीस दिवसांचा महिना धरून पंधरा दिवसांचे १५,००० रुपये होतात. अठराने गुणिले की २,७०,००० रुपये. ही रक्कम देय झाल्यापासून तीस दिवसांत द्यावयाची असते, उशीर झाला तर व्याज चढते. तो माणूस कामगाराच्या व्याख्येत बसत असेल आणि छाटणी झाली असेल, तर तिची भरपाई निराळी. सार्वजनिक कंपन्यांनी आपल्या नियमांच्या आधारे दंडभाडे ग्रॅच्युइटीतून वळते केले, त्यास सर्वोच्च न्यायालयाने काही निवाड्यांत मान्यता दिली आहे, हे खरे. पण लहान पेढीकडे तशी नियमावली नसते. तिने रक्कम अडवून ठेवणे म्हणजे व्याजाचा धोका पत्करणे. शिवाय त्याच २,७०,००० रुपयांतून त्या माणसाला नव्या जागेची अनामत भरावयाची असते. पैसे अडविले की जागा मिळत नाही, जागा मिळाली नाही की खोली सुटत नाही. हा पेच मालकाने स्वतःच तयार केलेला असतो.

याहून वाईट मोह वीज-पाणी तोडण्याचा. भाडे नियंत्रण कायद्याच्या २९ व्या कलमाने भाडेकरूच्या अत्यावश्यक सोयी बंद करण्यास घरमालकाला मनाई केली आहे. कायद्याची वाट सोडून कोणाला बळाने बाहेर काढले, तर विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या सहाव्या कलमाखाली तो सहा महिन्यांच्या आत ताबा परत मागू शकतो, मग समोर प्रत्यक्ष मालक असो. आणि श्रावकासाठी त्याहून जुना नियम आहे. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत ‘अन्नपाननिरोध’ हा एक आहे. पाठशाळेत आपण तो गाय-बैलांच्या संदर्भात शिकतो. बोईसरच्या चौथ्या मजल्यावर, ऐन मे महिन्यात, लहान मुले असलेल्या घराचे पाणी बंद करणे त्यात बसत नाही, असे कोणी म्हणू नये. अचौर्याचे व्रत अर्थात दोन्हीकडे लागू पडते. मुदत संपून हिशेब मिळाल्यावरही खोली अडवून बसणे हे अदत्तादानच होय. आणि तिसऱ्या व्रताच्या अतिचारांतील ‘विरुद्धराज्यातिक्रम’, म्हणजे राज्याच्या नियमांचे उल्लंघन, मालकालाही सुटत नाही.

मोठ्या संस्थांतील माणसांची स्थितीही यापेक्षा बरी नसते, हे मुंबईच्या कालिना येथील एअर इंडिया वसाहतीत दिसले. विमान कंपनी २७ जानेवारी २०२२ रोजी टाटा समूहाकडे गेली. त्यापासून सहा महिन्यांत घरे सोडावीत, असे कर्मचाऱ्यांना आधीच कळविले होते. जमीन विमानतळ प्राधिकरणाची होती. संघटनांचे म्हणणे असे की, निवृत्तीपर्यंत राहू द्यावे आणि हा वाद औद्योगिक न्यायाधिकरणाकडे पाठवावा. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. हाती काय आले? २४ सप्टेंबर २०२२ पर्यंतची मुदत. हक्काची लढाई सन्मान्य होती. पण तारीख, स्थलांतराचा खर्च, मुलांच्या शाळेचे वर्ष यांवर बोलणी करण्याची खरी वेळ पहिल्या सूचनेनंतर लगेच असते, असे मला वाटते. आपली मुलेही मोठ्या कंपन्यांच्या वसाहतींत राहतात, त्यांनी हे लक्षात घ्यावे.

मग तडजोड कशी असावी? घर सोडण्याची तारीख शाळेच्या वार्षिक परीक्षेनंतरची धरावी. पाच-सहा महिने मालकाला जड वाटतात, पण दिवाणी दाव्याच्या वर्षांशी त्यांची तुलना करावी. त्या काळाचे भाडे घ्यावयाचे तर नाममात्र घ्यावे आणि ते लिहून ठेवावे. न लिहिलेली सवलत पुढे नव्या वादाचे कारण होते. भविष्य निर्वाह निधीचा विषय बोलण्यात आणूच नये. तो त्याचाच पैसा आहे आणि कायद्याने तो जप्तीपासूनही सुरक्षित आहे. नव्या जागेच्या अनामतीसाठी ग्रॅच्युइटीचा काही भाग आधी द्यावा, उरलेला चावीच्या दिवशी. मात्र तो चावीचा दिवस तीस दिवसांपलीकडे जात असेल, तर संपूर्ण रक्कम वेळेतच द्यावी. २०१३ पासून उपनगरी गाड्या डहाणूपर्यंत येतात, त्यामुळे सफाळे किंवा केळवे रोडला खोली घेऊन बोईसरला कामावर येणे आता शक्य झाले आहे. मालकाच्या ओळखीने तेथे जागा मिळवून दिली, तर अर्धा प्रश्न सुटतो. आपल्या व्यापाऱ्यांच्या ओळखी स्टेशनागणिक असतात. एक दूरध्वनी करावयाचा असतो, तेवढाच.

बोलणी आपापसांत अडली, तर दोघांना मान्य असा संघातील एखादा वडीलधारा मध्यस्थ घ्यावा. पण जे ठरेल ते लोकअदालतीत नोंदवावे. दावा दाखल करण्यापूर्वीही विधी सेवा समितीमार्फत प्रकरण तेथे नेता येते. तेथील निवाड्याला दिवाणी हुकुमनाम्याचे बळ असते आणि त्यावर अपील नसते. मध्यस्थाच्या शब्दाला मान असतो, परंतु कागद पुढच्या पिढीलाही वाचता येतो.

चावीच्या दिवशी वीज मीटरचे आकडे दोघांनी मिळून पाहावेत आणि त्याखाली सह्या कराव्यात. पैसे बँकेतून जावेत, रोख नकोत. गॅसजोडणी, शिधापत्रिका आणि आधारचा पत्ता बदलेपर्यंत त्या पत्त्यावर येणारी टपाले सांभाळून ठेवण्यास रखवालदाराला सांगावे. अनुभवाचा दाखला मात्र टेम्पो निघण्यापूर्वीच हातात द्यावा. पुढचा मालक काम देण्याआधी तोच मागतो.