दोरीची दोन टोके : अहमदाबादचे उत्तरायण आणि मुले

भारतात पतंग उडविण्याचा दिवस सर्वत्र एकच नाही. दिल्लीच्या जुन्या वस्तीत १५ ऑगस्टला, स्वातंत्र्यदिनी, गच्च्या भरून जातात. लखनौला दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी ‘जमघट’ होतो. पंजाबात पतंगांचे नाते वसंतपंचमीशी आहे. महाराष्ट्रात येवल्याला संक्रांतीचे तीन दिवस पतंगांचेच असतात. तथापि, एका संपूर्ण शहराने आपले सर्व व्यवहार बाजूस सारून आकाशाकडे डोळे लावून बसावे, असे दृश्य पाहावयाचे तर जानेवारीच्या १४ तारखेस अहमदाबादला जावे लागेल. तेथे या सणास ‘उत्तरायण’ म्हणतात आणि दुसऱ्या दिवशीच्या सणास ‘वासी उत्तरायण’, म्हणजे शिळे उत्तरायण, असे गमतीदार नाव आहे.

उत्तरायण हा शब्द मूळचा खगोलशास्त्रातला. सूर्याचे उत्तरेकडे सरकणे वस्तुतः डिसेंबरच्या २१ किंवा २२ तारखेस सुरू होते. प्राचीन काळी सूर्याचा मकर राशीतील प्रवेश आणि हा अयनारंभ हे एकमेकांच्या जवळ होते. परंतु पृथ्वीच्या आसाच्या अतिशय संथ अशा परांचन गतीमुळे ते हळूहळू दुरावले आणि आज त्यांच्यात सुमारे तीन आठवड्यांचे अंतर पडले आहे. मुलांना अर्थात या गणिताशी कर्तव्य नसते. थंडी ओसरू लागली आहे, आकाश निरभ्र आहे आणि दोन प्रहरी वारा सुटतो, एवढे त्यांना पुरेसे असते.

जुन्या अहमदाबादेतील घरे ‘पोळ’ नावाच्या वस्त्यांत वसलेली आहेत. पोळ म्हणजे एका दरवाजाच्या आत, अरुंद गल्लीच्या दोन्ही बाजूंना एकमेकींना खेटून उभी असलेली घरांची रांग होय. खालून पाहिले तर प्रत्येक घर निराळे. परंतु वरून पाहिले तर गच्च्या व कौले यांचा जवळजवळ सलग असा एक प्रदेशच दिसतो. एरवी या प्रदेशात पापड वाळतात, गाद्यांना ऊन दिले जाते. उत्तरायणाच्या दिवशी मात्र तेथे पहाटेपासून कुटुंबेच्या कुटुंबे मुक्काम करतात. उंधियू, जिलेबी, चिक्की, तिळाचे लाडू, बोरे व उसाचे करवे वरच येतात. दोरीने बोटे कापू नयेत म्हणून त्यांना पट्ट्या गुंडाळल्या जातात. शेजारच्या गच्चीवरचा पतंग काटला गेला की ‘काय पो छे!’ अशी एकच आरोळी उठते. रात्री पतंगाच्या दोरीला कागदी कंदिलांची माळ बांधून ती वर चढवितात. तिला ‘तुक्कल’ म्हणतात. १९८९ पासून या शहरात आंतरराष्ट्रीय पतंग महोत्सवही भरू लागला आणि देशोदेशींचे पतंगबाज तेथे येऊ लागले. पण सणाचे खरे ठाणे अद्यापि गच्चीच आहे.

या दिवशी मूल गच्चीवर जाते तेव्हा त्याच्या जीवनात एक विशेष गोष्ट घडते. वर्षभर त्याला ‘इकडे जाऊ नको, तिकडे वाकू नको’ असे सांगणारी मोठी माणसे स्वतःच आकाशात गुंतलेली असतात. घराच्या भिंती, शाळेचे तास आणि गल्लीचे वळण यांनी बांधलेले त्याचे जग एकाएकी वरच्या बाजूने उघडते. जेथे त्याला स्वतःला जाता येत नाही तेथे त्याचा पतंग जातो आणि तेथील वाऱ्याची ओढ दोरीवाटे त्याच्या बोटांपर्यंत येऊन पोहोचते. मुलांना पतंगाचे एवढे वेड का असते, याचे उत्तर बहुधा या ओढीतच आहे. चित्रातल्या पक्ष्याकडे पाहून उडण्याची कल्पना करता येते. पतंगाच्या दोरीत मात्र ती कल्पना हाताला जाणवते.

आकाशातील या मोकळेपणाचा उपयोग मोठ्यांनीही करून घेतला आहे. १९२८ साली सायमन आयोग लखनौला आला, तेव्हा त्याच्या स्वागतासाठी कैसरबागेत तालुकदारांनी मेजवानी दिली. निदर्शकांना आत येता येऊ नये म्हणून पोलिसांनी बागेला वेढा दिला होता. तेव्हा बाहेरून पतंग व फुगे सोडण्यात आले आणि ‘सायमन, परत जा’ हा संदेश मेजवानीच्या डोक्यावर तरंगू लागला. जमिनीवरचा पहारा कितीही कडक असला तरी आकाश अडविता येत नाही, हे त्या दिवशी पतंगाने दाखवून दिले.

आता पतंग उडतो कसा, ते पाहू. गुजरातेत लढतीसाठी वापरला जाणारा पतंग हा कागदाचा चौकोन असून त्याच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत बांबूची उभी काडी चिकटविलेली असते. हिला ‘ढढ्ढो’ म्हणतात. दुसरी, अधिक बारीक काडी धनुष्यासारखी वाकवून आडवी बसवितात. ती ‘कमान’ होय. या दोन काड्या जेथे मिळतात तेथे, आणि उभ्या काडीच्या खालच्या भागात, अशा दोन ठिकाणी दोरा ओवून ‘किन्ना’ बांधतात. पतंग वाऱ्याला कोणत्या कोनात सामोरा जाईल हे किन्ना ठरवितो. तो कोन चुकला तर उत्तम कागदाचा पतंगही वर चढत नाही. म्हणून किन्ना बांधणे हे घरातील जाणत्याचे काम मानले जाते आणि ज्या वर्षी मुलाला स्वतःच्या पतंगाचा किन्ना बांधू दिला जातो, ते वर्ष त्याच्या लक्षात राहते.

या पतंगाला बहुधा शेपूट नसते आणि त्यामुळे तो स्वभावतः अस्थिर असतो. दोरीला ढील दिली की त्याची आडवी कमान सैल होते, पृष्ठभाग सपाट होतो आणि पतंग जागच्या जागी गिरक्या घेऊ लागतो. दोरी ओढली की वाऱ्याच्या दाबाने कमान मागे वाकते, पतंगाला खोलगटपणा येतो आणि त्याचे टोक ज्या दिशेला असेल त्या दिशेला तो सरळ धावत सुटतो. म्हणजे दिशा बदलावयाची तर दोरी सोडावी लागते आणि पुढे न्यावयाचे तर ती ताणावी लागते. केवळ ओढत राहणाऱ्याचा पतंग एकाच दिशेने जाऊन कोठेतरी आपटतो. केवळ सोडत राहणाऱ्याचा पतंग भरकटतो. नवशिक्या मुलाला ही गोष्ट कोणी समजावून सांगत नाही. दहा-वीस पतंग फाटले की त्याचे हात ती आपोआप शिकतात.

दोरीचे एक टोक पतंगाला असते. दुसरे टोक फिरकीवर गुंडाळलेले असते. महाराष्ट्रात कोणी हिला आसारी म्हणतात, कोणी चक्री. पतंगाविषयी पुष्कळ लिहिले-बोलले जाते, फिरकीविषयी फारसे कोणी बोलत नाही. फिरकी धरणाऱ्याने पतंग उडविणाऱ्याच्या मागे उभे राहावयाचे, त्याला हवी तेव्हा आणि हवी तितकी दोरी सोडावयाची आणि तो ‘लपेट’ म्हणाला की झरझर गुंडाळून घ्यावयाची, असा हा व्यवहार आहे. या कामात चूक झाली तर गुंता होतो आणि बोलणी बसतात. चूक झाली नाही तर कोणाच्या लक्षातही येत नाही. पुष्कळ घरांत हे काम परंपरेने बहिणीकडे किंवा धाकट्या भावाकडे आलेले असते. आकाश एकाच्या वाट्याला, आणि त्याची दोरी सांभाळण्याचे काम दुसऱ्याच्या! अशा रीतीने स्वातंत्र्य आणि जबाबदारी यांची वाटणी दोन मुलांत होते. ही वाटणी दोघांच्याही हिताची नाही, हे दोरीचे पुढे काय होते ते पाहिल्यावर अधिक स्पष्ट होईल.

लढतीच्या पतंगाची दोरी साधी नसते. सुती दोऱ्यावर भाताची खळ, रंग आणि काचेची अतिशय बारीक पूड यांचा लेप चढवून मांजा तयार करतात. सणापूर्वी कित्येक दिवस अहमदाबादच्या रस्त्यांच्या कडेला खांब रोवून त्यांच्यामध्ये गुलाबी, पिवळे, हिरवे दोरे ताणलेले दिसतात आणि बोटांना चिंध्या बांधलेले कारागीर लगदा हातात घेऊन त्यांवरून ये-जा करीत असतात. दिवसभर काच हाताळणाऱ्या या हातांवर जखमा असतातच. पतंग तयार करण्याचे काम जमालपूरसारख्या वस्त्यांतील घराघरांत चालते. कागद कापणे, काड्या चिकटविणे, कडेने दोरा भरणे अशी कामे निरनिराळ्या हातांत वाटलेली असतात आणि त्यांतील फार मोठा भाग स्त्रिया घरी बसून करतात. गच्चीवर क्षणार्धात काटला जाणारा पतंग तेथवर येण्यापूर्वी अशा अनेक माणसांच्या हातांखालून गेलेला असतो.

पूर्वी सुती मांजा ताण वाढला की तुटत असे आणि पावसापाण्यात कुजून जात असे. नंतर नायलॉनचा मांजा बाजारात आला. तो सहजासहजी तुटत नाही आणि कुजतही नाही. झाडांच्या फांद्यांत व तारांत तो दीर्घकाळ लोंबकळत राहतो. दुचाकीवरून वेगाने जाणाऱ्याला तो दिसत नाही आणि दिसतो तेव्हा वेळ निघून गेलेली असते. या मांजाने गळा चिरून माणसे दगावली आहेत. त्यांत आईवडिलांच्या पुढ्यात बसलेली लहान मुलेही आहेत. म्हणूनच या दिवसांत गुजरातेत दुचाकीच्या पुढच्या भागावर लोखंडी सळईची कमान बसविलेली दिसते. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने जुलै २०१७ मध्ये नायलॉन व इतर कृत्रिम धाग्यांच्या मांजावर देशभर बंदी घातली. तरीही तो चोरून विकला जातो आणि विकत घेतला जातो. काचेचा लेप असलेला सुती मांजाही सर्वस्वी निरुपद्रवी आहे असे नाही.

पक्ष्यांची स्थिती याहून बिकट असते. कबुतरे, पोपट, घारी, काळे शराटी हे सारे पहाटे चाऱ्याच्या शोधात निघतात आणि सायंकाळी परततात. नेमक्या त्याच वाटांवर त्या दिवशी हजारो अदृश्य पाती ताणलेली असतात. पंखांचे स्नायू व कंडरा कापल्या गेल्या की पक्षी जगला तरी पुन्हा उडेलच असे नाही. गुजरातच्या वनखात्याने २०१७ पासून ‘करुणा अभियान’ सुरू केले. त्यात सणाच्या सुमारास उपचारकेंद्रे उघडली जातात आणि पशुवैद्य, स्वयंसेवक व विद्यार्थी जखमी पक्षी आणून त्यांच्यावर उपचार करतात. सकाळी लवकर आणि सायंकाळी पतंग उडवू नयेत, असे आवाहनही केले जाते. या आवाहनामुळे मुलांचे फारसे नुकसान होत नाही, कारण सामान्यतः पहाटे व सूर्यास्ताच्या सुमारास जमिनीलगतचा वारा मंदच असतो. ऊन चढून जमीन तापली म्हणजे हवेचे थर मिसळू लागतात आणि पतंगाला हवा तसा वारा मिळतो. पक्ष्यांची वेळ आणि पतंगांची वेळ निसर्गाने जवळजवळ निरनिराळीच ठेवली आहे.

येथे मुलांच्या दृष्टीने एक कठीण प्रश्न उभा राहतो. मुलाने दुसऱ्याच्या खोड्या काढल्या तर ज्याची खोडी काढली तो त्याच्यासमोर रडत असतो. पतंगाच्या बाबतीत तसे नाही. पतंग काटला गेला की दोरीचा उरलेला लांब तुकडा सैल होऊन खाली येतो आणि तीन गल्ल्या पलीकडच्या रस्त्यावर आडवा पडतो. त्यात जो अडकेल तो पतंग उडविणाऱ्याला कधीच दिसणार नाही. पुन्हा, त्याच क्षणी दुसऱ्या गच्चीवर आरोळ्या चाललेल्या असतात आणि पतंग गमावलेल्या मुलाचे सारे लक्ष दूर जाणाऱ्या आपल्या पतंगाकडे असते. अशा वेळी ती सैल दोरी कोणाच्या अंगावर जाण्यापूर्वी गुंडाळून घेणे, हे काम एकाच व्यक्तीच्या हाती असते. ती व्यक्ती म्हणजे मागे फिरकी धरून उभे असलेले मूल होय. अनोळखी दुचाकीस्वाराचा गळा वाचविणारी ही सर्वांत महत्त्वाची कृती, सणातील सर्वांत दुर्लक्षित मुलाकडून होत असते.

गल्लीत आणखी एक प्रकारची मुले दिसतात. त्यांच्याकडे ना गच्ची असते, ना फिरकी. लांब काठीला काटेरी फांदी बांधून ती काटलेल्या पतंगांमागे धावत असतात. डोळे वर आणि पाय रस्त्यावर, अशी ही धाव धोक्याची असते. परंतु फुकट मिळालेला पतंग हाती आला की त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसतो तो विकत घेतलेल्या पतंगाने क्वचितच मिळतो. कोणाला आकाश मिळते आणि कोणाला त्यातून गळून पडलेले तेवढे मिळते, हा भेद मुलांना त्या वयातही कळतो. गच्चीवरून एखादा शिल्लक पतंग आणि सुती दोऱ्याचे रीळ खाली देणारे मूलही कधीकधी दिसते. ते त्याला कोणी शिकविलेले असतेच असे नाही.

मोठ्या माणसांना मुलांविषयी दोन भीती वाटत असतात. मोकळीक दिली तर ती बेजबाबदार होतील, ही एक. आणि जबाबदारी टाकली तर त्यांचे बालपण हिरावले जाईल, ही दुसरी. म्हणून बहुधा आधी कर्तव्ये शिकविली जातात आणि मोकळेपणा पुढे केव्हातरी देण्याचे आश्वासन दिले जाते. गच्चीवरचा अनुभव याहून निराळा आहे. ज्याने केवळ पतंग उडविला त्याला आपली दोरी कोठे पडते हे ठाऊक नसते. जिने केवळ फिरकी धरली तिला वाऱ्याची ओढ कशी असते हे ठाऊक नसते. पहिल्याची काळजी अपुरी राहते आणि दुसरीचे स्वप्न. काही घरांत यावर एक साधा नियम आढळतो : पतंग काटला गेला की आधी दोरी पूर्ण गुंडाळावयाची आणि मग फिरकीने हात बदलावयाचे. नवा पतंग फिरकी धरणाराने चढवावयाचा आणि उडविणाराने मागे उभे राहावयाचे. या नियमाला काहीही खर्च येत नाही आणि एका दिवसात दोन्ही मुले दोन्ही कामे शिकतात.

वासी उत्तरायणाची संध्याकाळ झाली की शहर खाली उतरते. गच्च्यांवर फाटके कागद आणि रंगीत दोऱ्यांचे गुंते उरतात. ते गोळा करण्याचे उपक्रम शहरात होत असतात आणि मुले त्यांत हौसेने भाग घेतात. झाडातून, कठड्यावरून, तारेच्या खिळ्यातून हलक्या हाताने दोरा सोडवून त्याचा गोळा करावयास वेळ लागतो, आणि हे काम करताना ‘काय पो छे’ म्हणून कोणी ओरडत नाही. पण दुसऱ्या दिवशी पहाटे कबुतरांचा थवा त्याच झाडावरून उठतो, तेव्हा आदल्या संध्याकाळी तेथे हात घातलेले मूल त्याच्याकडे इतरांपेक्षा थोडे अधिक वेळ पाहत उभे राहते.