खोडण्याच्या कळीचे दोन संकेत

कळफलकावरील कळ स्वतः काहीच पुसत नाही. ती केवळ एक संकेतांक धाडते, आणि त्याचा अर्थ ग्रहण करणारी यंत्रणा लावते. चिन्ह व अर्थ यांचा संबंध यादृच्छिक असतो, या भाषाशास्त्रीय तत्त्वाचे हे बोलके उदाहरण होय. १९६० च्या दशकातील आस्की संकेतावलीत ‘बॅकस्पेस’ला ८ व ‘डिलीट’ला १२७ हे अंक मिळाले. १२७ मध्ये सातही द्विमान अंक १ असतात. कागदी फितीवर चुकीच्या अक्षराच्या जागी सर्व छिद्रे पाडली, की ते रद्द होई. पुढे मागील अक्षर खोडणारी कळ काही टर्मिनलांवर ८ पाठवू लागली, तर डेकच्या व्हीटी २२० वर १२७. युनिक्सची अपेक्षा व कळीचा संकेत जुळला नाही, की अक्षर न पुसता ‘^?’ सारखी खूण उमटते. यावर उपाय म्हणून डेबियनने बॅकस्पेससाठी १२७ निश्चित केला आणि पुढील अक्षर खोडणाऱ्या डिलीटला निराळी संकेतमालिका दिली. अन्यत्र ‘एसटीटीवाय’ आज्ञेने खोडसंकेत जुळविता येतो.

देवनागरी लेखकास एवढ्याने भागत नाही. यूटीएफ-८ मध्ये ‘कि’ हे एक अक्षर दोन संकेतबिंदूंचे, म्हणजे सहा बाइटांचे असते. एका दाबात त्यातील किती पुसावे, हा प्रश्न यंत्राचा नव्हे. तो ‘अक्षर’ या संज्ञेच्या व्याख्येचा आहे.