आधी कडी, मग अजगर

ऑगस्ट २०१३मध्ये कॅनडातल्या कॅम्पबेल्टन गावात एक आफ्रिकी अजगर रात्री आपल्या खोलीतून निसटला. खोली जमिनीपासून छतापर्यंत बंदिस्त होती. पण वर हवेसाठी सोडलेल्या नळीच्या तोंडावरची जाळी जागेवर नव्हती. अजगर नळीत शिरला, त्याच्या वजनाने ती वाटेतच खचली आणि तो दुसऱ्या खोलीत झोपलेल्या दोन भावांजवळ पडला. एक चार वर्षांचा, एक सहा वर्षांचा. दोघंही वाचले नाहीत. त्याच्या चार वर्षं आधी फ्लोरिडात दोन वर्षांच्या मुलीचा जीव बर्मी अजगराने घेतला. त्याला काचेच्या टाकीत ठेवलेलं होतं आणि टाकीला झाकण म्हणून वर एक गोधडी बांधलेली होती.

दोन्हीकडे पिंजरा होता, भिंतीही शाबूत होत्या. घात झाला तो उघड्या तोंडाशी. मोठ्या सापाचं घर बांधायला निघालेला माणूस लांबी-रुंदीचं, काचेच्या जाडीचं, आतल्या सजावटीचं विचारतो. त्याने सगळ्यात आधी विचारायला हवं ते कडीचं, फटीचं आणि झाकणाचं.

महाराष्ट्रात साप आणि काच म्हटलं की पुण्याचे नीलिमकुमार खैरे आठवतात. १९८०मध्ये ते ७२ विषारी सापांसोबत काचेच्या खोलीत ७२ तास राहिले. डिवचल्याशिवाय साप अंगावर येत नाही, हे त्यांना लोकांना डोळ्यांनी दाखवायचं होतं. पुढे १९८६मध्ये कात्रजला सर्पोद्यान उभं राहिलं आणि गारुड्याच्या टोपलीपलीकडे साप पाहायची सोय मराठी माणसाला झाली. पण ती काचेची खोली तीन दिवसांसाठी होती. पाळलेला अजगर वीस-पंचवीस वर्षं जगतो. हातभर लांबीचं बर्मी पिल्लू नीट खाऊ-पिऊ घातलं तर तीन-चार वर्षांत दहा फुटांच्या पुढे जातं. त्यामुळे घर बांधायचं ते आज आणलेल्या पिल्लाच्या मापाने नव्हे, पूर्ण वाढलेल्या सापाच्या मापाने.

त्याआधी कायद्याचं बोलू, कारण आपल्या परभणी जिल्ह्यात बहुतेकांचा प्रश्न इथेच निकाली निघतो. आपला भारतीय अजगर १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याला पकडून घरी ठेवणं हा गुन्हा आहे आणि शिक्षा तीन ते सात वर्षं कैदेची. धामण असो वा नाग, शेतात सापडलेला कुठलाही देशी साप पाळता येत नाही, मग पिंजरा कितीही उत्तम असो. उरले विदेशी साप: बोआ, बॉल पायथन, बर्मी, जाळीदार अजगर. आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या सायटिस करारात येणारा असा प्राणी ज्याच्याकडे आहे, त्याने २०२४च्या नियमांप्रमाणे ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी करायची असते. बाजारात कुणी कागदाशिवाय अजगराचं पिल्लू देऊ करत असेल, तर तिथूनच माघारी फिरावं.

आता घराकडे. सापाला खांदे नसतात. डोकं जिथून जातं, तिथून मागचं अंग दबून-आकसून निघण्याची शक्यता धरूनच चालायचं. शिवाय अजगर रात्रभर नाकाने एकेक कोपरा ढोसत हिंडतो आणि सैल जागा सापडली की तिथेच पुन्हा पुन्हा जोर लावतो. म्हणून वरून उचलायचं झाकण नको. त्याच्यावर वजन म्हणून ठेवलेला दगड तर मुळीच नको. दार समोरून असावं. सरकत्या काचा असतील तर दुकानांच्या शोकेसला बसवतात तसलं किल्लीचं कुलूप आणि दोन काचांमधली फट बुजवलेली. बिजागरीचं दार असेल तर वर आणि खाली अशा दोन कड्या, शिवाय कुलूप. चुंबकाच्या पट्टीवर मिटणारं दार कपाटाला ठीक, अजगराला नाही. काच टफनच घ्यावी, फुटली तर तिच्या सुऱ्या होत नाहीत.

कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी स्वस्त मिळते, म्हणून अनेकजण तीच ठोकतात. तिच्यावर नाक घासून घासून अजगराचं तोंड सोलवटतं, जखम चिघळते, तो खाणं सोडतो. हवेसाठी भिंतीत वरच्या बाजूला छोट्या भोकांचा जाड पत्रा बसवावा, स्क्रू बाहेरून आवळलेले. प्लायवूड वापरलं तर आतून सांध्यांसकट जलरोधक रंग द्यावा, नाहीतर ओल धरून वर्षा-दोन वर्षांत ते फुगतं आणि फुगलेल्या सांध्यात नवी फट तयार होते. लांबी एवढी हवी, की साप सरळ ताणून पडू शकेल. दहा फुटी अजगराला दहा फूट. एवढी जागा ज्या घरात नाही, त्या घरात मोठा अजगर आणू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

तापमानाच्या बाबतीत परभणीचा माणूस परदेशी पुस्तकावर विसंबला तर फसेल. ती पुस्तकं ऊब कशी द्यायची ते सांगतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४ अंश ओलांडतो आणि थंडीच्या लाटेत कधी पाचाच्याही खाली उतरतो. बहुतेक अजगरांना घराच्या एका टोकाला साधारण ३२ अंश आणि दुसऱ्या टोकाला २५ ते २७ अंश लागतात. साप त्या दोन टोकांमध्ये फिरून आपलं अंग सांभाळतो. म्हणजे हिवाळ्यात थर्मोस्टॅटवर चालणारी ऊब हवी, आणि दिव्यावर जाळीही हवी, कारण साप उघड्या दिव्याला वेटोळं घालतो आणि कातडी भाजली तरी पटकन हलत नाही. उन्हाळ्यात काचघर पश्चिमेच्या भिंतीला किंवा पत्र्याखाली ठेवलं, तर एका दुपारीच खेळ संपतो. जाड भिंतीची, उत्तरेकडची खोली, कूलर आणि वीज गेली तर इन्व्हर्टर, एवढं असेल तरच पुढचं बोलावं. कूलरची ओल अजगराला मानवते. मात्र हवा खेळती नसेल तर त्याच ओलीने त्याच्या छातीत संसर्ग होतो आणि तो तोंड उघडून श्वास घ्यायला लागतो. आत जड, न कलंडणारा पाण्याचा टब हवा, सबंध वेटोळं बुडेल एवढा.

प्राणिसंग्रहालयांत एक सोय असते ती घरी क्वचित दिसते: लपायच्या पेटीला बाहेरून सरकवता येणारं झडप. साप पेटीत गेला की झडप पाडायचं आणि मग निर्धास्त पिंजरा धुवायचा. मोठ्या सापाजवळ एकट्याने हात घालायचा नाही, आठ फुटांच्या पुढे तर दुसरा प्रौढ माणूस शेजारी हवाच. कोंबडी किंवा उंदीर हाताळून त्याच हाताने दार उघडू नये. अजगर वासावर झेपावतो. आणि पिंजऱ्याची खोलीसुद्धा पिंजराच समजावी: मोरीच्या तोंडाला जाळी, दाराखालच्या फटीला पट्टी, खिडकीला बारीक जाळी, दाराला वेगळं कुलूप.

आपल्या जिल्ह्यात हे सगळं खरं कामी येईल ते सर्पमित्रांच्या. गोदाकाठच्या उसात तोडणीच्या वेळी किंवा पाचट पेटवल्यावर साप भाजतात, जखमी होतात. पकडलेला साप प्लास्टिकच्या बरणीत घालून गाडीच्या डिकीत ठेवला, तर मेमध्ये तो वाटेतच मरतो. मोठ्या सापाला सुती पिशवी, पिशवीचं तोंड दुमडून बांधलेलं, ती भोकं असलेल्या कडीच्या पेटीत आणि पेटी सावलीत, एवढं साधं साहित्य जीव वाचवतं. साप धडधाकट असेल तर वनविभागाला कळवून लगेच त्याच्या परिसरात सोडायचा असतो. जखमी असेल तर घरी ठेवून उपचार करत बसू नये. नागपूरला सेमिनरी हिल्सवर वनविभागाचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर २०१५पासून आहे. आठवड्यांचे उपचार अशाच ठिकाणी, पशुवैद्यकाच्या हाताखाली व्हायला हवेत. परभणीत पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. त्याच्या आणि वनविभागाच्या मदतीने जिल्ह्यात दोन-चार नीट बांधलेल्या पेट्या, तापमान राखणारी एक खोली आणि कुलपाची किल्ली सांभाळणारा एक जबाबदार माणूस एवढी सोय उभी करणं फार खर्चाचं नाही. तोवर साप दिसला तर वनविभागाचा १९२६ हा क्रमांक लावावा आणि वनकर्मचारी किंवा सर्पमित्र येईपर्यंत लांबून त्याच्यावर नजर ठेवावी.